डॉक्टर काय म्हणाले

गुरुवार, दुपार

वन्सं,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं हात आपसूक लिहिणार होता. वर्षानुवर्षांची सवय. पण ते आता कुणाला पटणार, म्हणून तुमच्याकडचंच विचारते. गुडघे कसे आहेत? कानाचं मशीन घालता, की पुन्हा डबीत ठेवून दिलंत? फरशी गार असेल तर पायात मोजे घालत जा. माझं ऐकायचं नाही हे तुमचं ठरलेलंच आहे, तर निदान मुलाचं ऐका.

त्याचा काल फोन आला होता. म्हणाला, "मामी, आई धड जेवत नाही. ताटावर बसते आणि तशीच उठते. दिवसभर एकच धोशा लावलाय, डॉक्टर शेवटी काय म्हणाले ते मामीला विचार. तू काहीतरी सांग ना तिला." मी म्हटलं, दे आईकडे फोन. तर तुम्ही मान फिरवलीत म्हणे. बरोबरच आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि ही काही ओरडून सांगायची गोष्ट नाही. आमची शेजारीण भिंतीला कान लावून बसलेलीच असते. म्हणून लिहिते.

तर डॉक्टर म्हणाले, यांच्या छातीत इन्फेक्शन झालं. डोक्याचं एवढं मोठं ऑपरेशन, त्यात वय, अशक्तपणा. औषधं दिली, ऑक्सिजन लावला, पण फुप्फुसांनी साथ दिली नाही. त्यांनी त्यांच्याकडून काही कमी केलं नाही.

झालं. आता जेवा.

बाकी इकडचं काय सांगू? यांच्या जोडीचा मिस्त्री येऊन गेला. हत्यारांची पिशवी नेऊ का म्हणाला. मी म्हटलं ने, तुझ्या उपयोगाला येईल. तो जिना उतरायला लागल्यावर पुन्हा हाक मारली आणि त्यातला मोठा पाना तेवढा काढून घेतला. काय करायचाय मला पाना? बाथरूमचा नळ गळतो आहे आणि मी पाना घेऊन त्याच्याकडे बघत बसते. प्लंबरच्या घरचा नळ कायम गळका, हे टोमणे तुम्ही माझ्या लग्नापासून मारत आलात. अजून मारायची सोय आहे, एवढंच.

मी कामावर जायला लागले. हॉटेलात बायका मला सांभाळून घेतात. डबल बेडची गादी मला एकटीला उचलू देत नाहीत. मुकादमबाईनं तर कहर केला. "बस थोडी," म्हणाली. वीस वर्षांत ती मला पहिल्यांदा बस म्हणाली, तर मला रडूच फुटलं. लिनन रूममध्ये टॉवेलांच्या ढिगामागे जाऊन रडले आणि त्यातल्याच एका टॉवेलनं तोंड पुसलं. तो मग पुन्हा धुवायला टाकावा लागला.

वन्सं, मला कुणी शाबासकी द्यावी म्हणून नाही सांगत, पण ऑपरेशननंतर मी यांना डोळ्यांत तेल घालून जपलं. गाठ मानेच्या वरच्या बाजूला, डोक्याच्या तळाशी होती, ती पूर्ण निघाली. ऑपरेशनवाले डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आमचं काम झालं. आता तुमचं सुरू." मला वाटलं, ही त्यांची बोलायची पद्धत असेल. पण खरंच तसं होतं. गाठ काढली म्हणून माणूस वाचत नाही, नंतर ज्या चार गोष्टी दबा धरून बसतात त्यांच्यापासून वाचवावा लागतो.

पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते घट्ट पांढरे मोजे. ते चढवताना यांची आणि माझी रोज कुस्ती. "नवरदेवाला पायजमा घालतेस का गं," म्हणायचे. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कूस बदलायची, डोकं, खांदे आणि कंबर एकदम, लाकडाचा ओंडका फिरवावा तशी. आणि चादरीला सुरकुती म्हणून नाही. ते मला कुणी शिकवायला नको होतं, आयुष्य चादरी ताणण्यात गेलं. फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून ती फुंकणी, ज्यात श्वास ओढला की रंगीत गोळे वर चढतात. सकाळी उठल्या उठल्या उशीचा अभ्रा खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचा. डोक्यातलं पाणी जखमेतून पाझरलं तर अभ्र्यावर स्वच्छ पाण्याचा डाग दिसतो, तो दिसला की तडक दवाखाना. हे पडल्या पडल्या विचारायचे, "काय मिस्त्रीण, लिकेज आहे का?" मी म्हणायची, "नाही, कोरडं ठणठणीत." "मग काढ बिल," म्हणायचे.

जखम सुकली. पाय सुजले नाहीत. पाठ शेवटपर्यंत लहान मुलासारखी. तपासणीला गेलो तेव्हा नर्सनं दुसऱ्या पेशंटच्या बायकोला बोलावून यांची पाठ दाखवली होती. मी कुणाला सांगितलं नाही, पण घरी येईपर्यंत हवेत होते.

राहिला घसा.

गाठ काढताना गिळण्याच्या नसा दुखावल्या होत्या. हळूहळू सुधारेल, म्हणाले होते. तोवर पाणी, चहा, सूप, काहीही पातळ द्यायचं नाही. डब्यातली पावडर घालून दाट करायचं आणि चमच्यानं, हनुवटी छातीकडे झुकवून, एकेक घोट. गिळायला शिकवणाऱ्या बाई यायच्या त्यांनी चित्र काढून दाखवलं, दोन नळ्या, एक अन्नाची, एक श्वासाची, मधे झाकण. हे चित्र बघून म्हणाले, "बाई, सरळ सांगा ना, झडप गेली. जन्मभर लोकांच्या बदलल्या, आता माझीच." त्या बाई हसल्या. मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आपल्याला पाणी चुकीच्या वाटेनं गेलं तर ठसका लागतो, यांना तो लागतच नाही. गुपचूप आत उतरतं. आवाज ओला झाला, घशात पाणी खुळखुळल्यासारखा, तर समजायचं की गेलं.

तर त्या दाट पाण्याला हे खळ म्हणायचे. "आण तुझी खळ, चिकटव मला भिंतीला." सुरुवातीला रोज मागायचे. "एक घोट दे ना. साधं. नळाचं दे." मी नाही म्हणायची. मग चिडायचे, मग लाडीगोडी, मग माझ्याकडे पाठ. एकदा तर हात जोडले, वन्सं. माझ्या नवऱ्यानं माझ्यापुढे घोटभर पाण्यासाठी हात जोडले आणि मी ते हात धरून खाली ठेवले आणि म्हटलं, नाही.

मग त्यांनी मागायचं बंद केलं. मला वाटलं, चला, अंगवळणी पडलं. किती शहाणी मी.

चहा ठेवून येते.

आले. चहा केला, पण दोन कप झाला.

तुम्ही आलात तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे खोटं नाही. तुम्ही दारातूनच "ढब्बू!" अशी हाक मारलीत आणि यांचं तोंड असं उजळलं की मी बघतच राहिले. माझ्यासाठी ते तोंड बरेच दिवस उजळलं नव्हतं. माझ्या हातात एकतर चमचा नाहीतर मोजे. तुमच्याजवळ लहानपणच्या गोष्टी. तुम्ही ती कोठीच्या खोलीची गोष्ट पुन्हा सांगितलीत. वडील यांना उपाशी कोंडायचे आणि तुम्ही दाराखालच्या फटीतून बिस्किटं सरकवायच्या आणि ओली फडकी, चोखायला. वडिलांनी विचारलं की दोघं एका सुरात, "काही नाही". मीही हसले. शंभरदा ऐकलेली गोष्ट, तरी हसले.

पथ्याचं मी तुम्हाला सांगितलं होतं. कानाशी येऊन, मोठ्यानं. तुम्ही म्हणालात, "हो गं हो." पण मी तुम्हाला ओला पाय पुसून आत या हेही तितक्याच मोठ्यानं सांगते, कप बशीतच ठेवा हेही सांगते, उशीवर बसू नका हेही सांगते. त्यातलं हे एक खरं होतं, हे तुम्हाला कसं कळावं? तुम्हाला वाटलं असणार, हिची शिस्त, दुसरं काय. माझा स्वभाव आड आला. लांडगा आला रे म्हणून मी कधी उगाच ओरडले नव्हते हो, पण रोजच ओरडत होते.

वन्सं, वर जे डॉक्टरांचं म्हणून लिहिलं, ते खरं आहे, पण अर्धं आहे. तसंच पाकिटात घालून पाठवावं असं मनात होतं. पण तुम्ही रोज विचारताय. ज्याला माहीत नसतं तो एकदा विचारतो.

ती पावडर संपली म्हणून मी औषधाच्या दुकानात गेले होते. परत आले तर तुम्ही खुर्चीत, हे उशीला टेकून, दोघं छताकडे बघत. मी विचारलं, "काय चाललंय?" तर एका सुरात, "काही नाही." आणि यांचा आवाज ओला होता.

मला तिथेच कळलं. भांडं पालथं घालून ठेवलं होतं, आतून ओलं. यांना ताठ बसवलं, खोकायला लावलं, दवाखान्यात फोन केला, त्यांनी सांगितलं तसा ताप बघत राहिले. तुम्ही म्हणालात, "अगं, बरा आहे तो, किती नाचवतेस त्याला." दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि मी गाडी बोलावली.

वॉर्डात त्या चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं आणि विचारलं, "पातळ काही दिलं होतं का?" तुम्ही माझ्या बाजूलाच उभ्या होतात, माझा दंड धरून. कानाचं मशीन घरी डबीत. मी म्हटलं, "हो. मी पाणी दिलं."

मग त्या बोलल्या. बऱ्याच बोलल्या. एवढं समजावलं होतं, चित्र काढून दाखवलं होतं, तुम्ही तर एवढ्या काळजी घेणाऱ्या, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. शेजारच्या पलंगावरचे नातेवाईक माझ्याकडे बघायला लागले. पाठ बघायला आलेली ती बाईही तिथेच होती. मी मान खाली घालून ऐकलं. तुम्ही माझा दंड हलवून विचारलंत, "काय म्हणाल्या गं? एवढ्या का तावातावानं?" आणि मी म्हटलं, "वेळेवर आणलंत म्हणाल्या."

हेच तुम्हाला विचारायचं होतं ना? त्या तावातावानं काय म्हणाल्या ते? तर हे.

का खोटं बोलले? मोठेपणा म्हणून नाही, तसं समजू नका. तोंडातून निघून गेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला म्हणून दाखवायचे? आणि तुमच्या हाताची पकड इतकी घट्ट होती की दंडावर वळ उठले होते. पण नंतर मला त्याचा असा राग आला, असा राग आला तुमचा, की तुम्ही बाकावर बसून पेंगायला लागलात ना, तेव्हा मला तुम्हाला गदागदा हलवून जागं करावंसं वाटलं. मी एवढा जीव काढला. एकेक सुरकुती, एकेक मोजा, एकेक अभ्रा. आणि तुम्ही एका भांड्यानं सगळं वाहून नेलंत.

यांना मी विचारलं. ऑक्सिजनचा मास्क होता, बोलायला त्रास होत होता, तरी मी सोडलं नाही. असल्या वेळीही हिशेब मागणारी बाई मी. म्हटलं, "माझ्याकडे का नाही मागितलंत?" त्यांनी मास्क वर केला आणि म्हणाले, "तुझ्याकडे मागून झालं होतं."

मग जरा दम खाऊन म्हणाले, "ताईला बोलू नकोस."

मी हो म्हटलं. म्हणून इतके दिवस गप्प होते. आज बोलले. वचन मोडलं म्हणा. पण त्यांना तुम्ही उपाशी राहिलेल्या चालल्या असत्या का?

ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना मी नंतर एकटी जाऊन भेटले. खरं काय ते सांगितलं, तुमचं नातं न सांगता, घरातल्या कुणीतरी दिलं असं. ते म्हणाले, अशा घशात स्वतःची थुंकीसुद्धा श्वासाच्या नळीत उतरते, झोपेत, कुणी काही न देता. पथ्य पाळूनही कितीतरी लोकांना होतं. त्या पाण्यानं झालं की आधीच आत काही शिजत होतं, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मी विचारलं, पाणी दिलं नसतं तर? ते म्हणाले, तर शक्यता कमी होती. एवढंच म्हणाले. त्याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. मी त्यातलं निम्मं गाळून तुम्हाला लिहू शकले असते, सोयीचं निम्मं. पण मग तुम्ही पुन्हा विचारलंत तर मी काय करू?

आता एक राहिलं. हे डॉक्टरांचं नाही, माझं आहे, आणि मी कुणाजवळ बोलले नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी चष्मेवाल्या डॉक्टरीणबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या दिवशी आवाज अगदी मऊ होता. म्हणाल्या, "आता त्यांना आवडतं ते द्या. पथ्य राहिलं नाही." मला आधी कळलंच नाही. मी वेड्यासारखी विचारते, "म्हणजे बरे झाले?" त्यांनी माझा हात धरला, तेव्हा कळलं. मी विचारलं, "पाणी? साधं?" म्हणाल्या, "साधं."

तुम्ही बाहेर मुलाबरोबर चहा घेत होतात. मी धावत गेले, वन्सं. कॉरिडॉरमध्ये धावू नका म्हणून कुणीतरी ओरडलं. भांडं नळाखाली धरलं, नळाचंच मागितलं होतं ना त्यांनी, आणि काठोकाठ भरून, हातावर सांडत परत आले. म्हटलं, "अहो, पाणी आणलंय. साधं. प्या." त्यांचे डोळे अर्धवट होते. ओठाला चमचा लावला. ओठ उघडले नाहीत. मी म्हटलं, "मीच आहे. मीच देतेय. आता चालतं. डॉक्टरांनी सांगितलंय." हनुवटीवरून ओघळलं सगळं. मी पुसलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा ओघळलं. कापूस भिजवून ओठ ओले केले, तर तेवढेच ओले झाले. त्यांना कळलं का, की मी शेवटी दिलं? मी हो म्हटलं, हे त्यांना कळलं का? हे मी त्या डॉक्टरांना विचारू शकत नाही, तुम्हालाही नाही.

म्हणून सांगते. ऑपरेशननंतर ते गेले त्या दिवसापर्यंत माझ्या नवऱ्याच्या घशाखाली साधं पाणी फक्त एकदा उतरलं, आणि ते तुम्ही दिलेलं. मी दारातून आत आले तेव्हा ते छताकडे बघत होते, पण गालात हसत होते. तहान भागलेल्या माणसाचं तोंड होतं ते. मी विसरू शकत नाही. तुमचा राग येतो तोही त्या तोंडामुळे, आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं, बरं झालं कुणीतरी दिलं, नाहीतर माणूस तसाच गेला असता माझ्या हाताखाली, अगदी नियमानं. हेवा वाटतो तुमचा. हा शब्द लिहायला मला चार पानं लागली.

तुम्ही मारलंत असं मी म्हणणार नाही. मारलं नाहीत असंही आज माझ्याच्यानं म्हणवत नाही. उद्या कदाचित म्हणेन, परवा पुन्हा नाही. तुम्हाला त्याच्यासकट राहायचं आहे आणि मलाही. पण उपाशी राहू नका. ते मी खपवून घेणार नाही, यात माझा स्वभाव आला तर आला. यांना गमावलं, आता तुम्हालाही पथ्य सांगत बसायची ताकद माझ्यात नाही.

आणि इकडे या. मुलाला सांगा सोडायला. भांडू आपण, मोठ्यानं, मशीन लावून. शेजारीण ऐकेना का. यांच्याबद्दल बोलायला मला तुमच्याशिवाय कोण आहे, आणि तुम्हाला माझ्याशिवाय?

जिच्याकडे त्यांचं मागून झालं होतं ती,
तुमची भावजय